सातवं पान

मांजर्लीच्या विठानं पितरी अवसेला पडवीच्या कौलांवर सहाच्या जागी सात पानं मांडली, आणि त्या दिवसापासून त्या घरात कोणी मोकळेपणी खोकलंसुद्धा नाही. साल बावन्नचं. भातं पोटरीला आली होती, उल्हास नदी ओसरून काठावरचा गाळ तडकायला लागला होता.

पितरांची आमच्याकडची रीत सरळ आहे. घरातल्या जितक्या मेलेल्यांचा मान, तितकी केळीची पानं. खीर, वडे, तांबड्या भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. एकेक पान ठेवायचं, एकेक नाव घ्यायचं, खाली उतरायचं आणि कावळ्याची वाट बघायची. ज्यांची नावं कोणाला आठवत नाहीत त्यांच्यासाठी एक घास वेगळा, अंगणात, भुईवर. तो ओळीत बसत नाही. ओळीतलं पान नावाचं, आणि एकदा मांडलं की उचलायचं नाही.

विठाला हे शिकवायला लागत नव्हतं. लग्न होऊन या घरात आली त्याला तीस वर्षं झाली होती, पानं तीच मांडायची. आजेसासरा, आजेसासू, सासरा, सासू, चुलतसासरा आणि थोरला दीर. सहा. या थोरल्या दिराची बायको रखमाबाई शिडीच्या पायथ्याशी उभी राहून बोटं मोजत होती. रखमाबाईला मोजायची फार सवय.

"विठे, सात कशी गो?"

विठानं वळून बघितलं. सात होती. सरळ ओळीत, सगळ्यांवर खीर, सगळ्यांवर वडा.

ती उतरेपर्यंत डोमकावळा आलाच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो कौलांवरनं टपटप चालत गेला, मधे कुठंही चोच घातली नाही, आणि सातव्याच्या खिरीत मान घालून खात राहिला.

"नाव घे कोनाचं तरी," विठाचा नवरा जनू खालून बोलला. "तुज्या आयसचं घे."

"आमच्या कौलांवं तुज्या म्हायेरच्या मिठागरवाल्यांचे पितर?" रखमाबाई म्हणाली. "ते त्यांच्या घरी जेवतील."

"मंग इसरलेल्यांचं."

"त्यांचा घास भुईवं हाय तो दिसत नाय? ओलीत नावाचाच मानूस बसतो. मेलेल्याचं नाव नसंल तं..." तिनं पुढचं गिळलं आणि विठाच्या हाताकडं बघितलं. "ज्या हातानं मांडलं त्या हाताच्या मागं त्यो पानाचा धनी फिरतो. नाव मिलंस्तोवर."

ओट्यावर विठाची सून अंजनी बसली होती, सातवा महिना लागलेला. रखमाबाईची नजर फिरत फिरत तिच्या पोटावर गेली, तिथं जरा थांबली आणि निघाली. विठानं ते बघितलं.

चूक कशी झाली ते विठाला पक्कं ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची सोय नव्हती. पानं ठेवताना ती मेलेल्यांची नावं घेतच नव्हती. ती बंदरं मोजत होती.

तिचा भाऊ हरिचंद्र मालवाहू मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. माहेर खाडीकाठचं, बाप मिठागरात राबून पायाची कातडी सोलवटलेला. पण हरिचंद्र लहानपणीच मिठाच्या गोणींबरोबर मचव्यात चढला तो उतरलाच नाही. खाली जाताना मीठ, वर येताना मंगळुरी कौलं. विठाच्या पडवीवरची कौलं त्यानंच आणून दिलेली. वर्षाला एकदा भाऊबीजेला यायचा आणि जेवता जेवता बंदरं सांगायचा, एकेका घासाला एकेक. मुरूड, दाभोळ, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्लं. मग हात धुताना म्हणायचा, "आनि मंग गोकर्न. देवालाच लाट लागतं तितं."

माहेरच्या खाडीपलीकडं विठानं आयुष्यात बघितलं काय, तर टोपली डोक्यावर घेऊन अंबरनाथ, फार तर त्याला लागून असलेला सिंध्यांचा पाच नंबर कॅम्प, आणि दोनदा कल्याण. पण भात लावताना, सारवताना, भाकरी थापताना तिच्या मनात ही बंदरं चालू असायची. सोबत काय न्यायचं तेही ठरलेलं. सुकट, तांदळाच्या भाकरी, तांब्याचा लोटा, आणि ओकारी आली तर आवळ्याची सुपारी. औंदा नारळी पुनवेला हरिचंद्रानं निरोपच धाडला होता, "भाऊबीजेला मचवा कल्यानला लागतंय. परत जाताना तुना गोकर्नाला नेतंव. खलाशी कुरकुरले बाईमानूस नको म्हनून. त्यांना सांगतलं, माजी बहीन येतंय, नको त्यानं उतरावं." त्या दिवसापासून बाई जमिनीवर नव्हती. पहिलं पान मुरूड, दुसरं दाभोळ. मेलेले सहा, बंदरं सात.

सातवं पान गोकर्णाचं होतं.

नवरात्र बसलं तसं नात्यातली माणसं यायला लागली. बेलवलीची नणंद आली, खरवईचे अंजनीचे आईबाप आले. एरवी एवढी माणसं जमली की ओटीवर कलकलाट. औंदा सगळे पानाची गोष्ट ऐकून आलेले. कोणी नीट विचारत नव्हतं. नणंद भात वाढून घेताना नुसतं म्हणाली, "वहिनी, माज्या ताटाला तू नको हात लाऊ, मी घेतंव माजं मी."

पाचव्या माळेला सकाळी विठाचा मुलगा बाळाजी कामावर निघाला. "जातंव गो, आये."

"येतंव म्हन, मुडद्या!" रखमाबाई आतून ओरडली. "जातंव काय? आनि तू गो अंजनी, झाडू ठेव खाली. मानूस उंबऱ्याबाहेर पडला नाय तं केर काढतात? परत यायचंय त्याला."

अंजनीनं झाडू ठेवला आणि भांडी घेऊन नदीवर गेली. तिथं शेवाळावरनं तिचा पाय गेला. पडली ती बसल्यासारखीच, पण कळ उठली ती दुपारपर्यंत थांबेना. सुईण आली, पोट चाचपून म्हणाली, "पोर हाय जाग्यावं. पन हिला आता उठवायचं नाय. गाडीत घालाल, वाटंत मोकली होल." अंजनीचे आईबाप तिला माहेरी न्यायला गाडी जुंपून आले होते. रिकामी गाडी घेऊन परत गेले.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटताना रखमाबाईनं सगळ्यांना दिली. विठासमोर आली तेव्हा तिनं पान हातात न देता पाटावर ठेवलं.

"बोल ना, वैनी," विठा म्हणाली. "काय बोलायचं ते बोल."

"मी काय बोलू? माज्या नवऱ्याचं पान तसंच वालून उडालं. कावल्यानं शिवलं नाय. ज्याचं शिवलं त्यो या घरात अजून चालतोय फिरतोय, नायतं..." रखमाबाईनं माजघराच्या दाराकडं हनुवटी केली. आत अंजनी पडलेली. "नायतं अजून जलमाला यायचाय."

विठानं तो दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी काकड्यांची टोपली घेऊन ती कॅम्पात गेली. तिथं बराकीत जेठीबाई म्हणून एक सिंधी म्हातारी राहायची, पापड लाटून विकायची आणि विठाकडनं काकड्या घ्यायची. विठाच्या ओळखीत समुद्रावरनं आलेली ती एकटीच बाई, कराचीहून आगबोटीत बसून.

"जेठीबाय, पानी कसा दिसता गो, जमीन दिसंनाशी झाल्यावं?"

"पानी जैसा," जेठीबाई काकडी मोडून बघत म्हणाली. "कडू तो नहीं ना? पिछली बार कडू थी." मग तिनं विठाच्या तोंडाकडं बघितलं. "तेरे को काहे जाना है? मेरे को तो जाना पडा."

"भाऊ नेतो गोकर्नाला."

"तो जा. घर से निकलते टाइम क्या बोलते तुम लोग?"

"येतंव बोलतो. जातंव नाय बोलत."

"हम भी 'अचां थी' बोल के निकले थे. आती हूँ. पडोसन को बोला, तुलसी को पानी दे, अचां थी." तिनं काकड्या पदरात ओतून घेतल्या. "आयी क्या? बोलने से कुछ नहीं होता, माई. जो बोलना है बोल."

परत येताना विठा रिकामी टोपली डोक्यावर घेऊन चालत होती आणि तिला पाठीमागं पावलं वाजल्यासारखी वाटत होती. तिनं दोनदा वळून बघितलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत होतं. घराजवळ आल्यावर ती आत गेली नाही. बांधावर बसून राहिली. आत अंजनी होती, आणि हे जे काय मागं येत होतं ते आपण रोज संध्याकाळी आपल्या पायानं घरात नेतोय, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं.

त्यानंतर ती अंजनीजवळ माजघरात जाईना. पेज रखमाबाईच्या हातून द्यायची. अंजनीला वाटलं सासू रुसली.

दिवाळीत अंजनीला आठव्यातच कळा आल्या. सुईण दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी कळा थांबल्या. सुईण हात धुवत जनूला म्हणाली, "या टायमाला कला गेल्या परत, पोर वाचलं. पुढल्या टायमाला सांगता येत नाय." जनूनं विठाकडं बघितलं. तीस वर्षांत त्यानं तिला कधी हात लावला नव्हता की शिवी दिली नव्हती. त्या रात्री आपली वाकळ उचलून तो ओट्यावर झोपायला गेला.

भाऊबीजेला हरिचंद्र आला. उन्हानं काळा ठिक्कर, काखेत लेकरासारखं जपलेलं नारळांचं पोतं, आवाज अंगणाच्या पलीकडून.

"विठे, बांधलंस काय गठुडं? सांजच्या भरतीला कल्यानवरनं सुटायचंय." मग त्यानं चारी बाजूंना बघितलं. "काय गो, घरात कोन मेलंय काय?"

जनूनं त्याच्या काखेतलं पोतं उतरवून घेतलं.

विठानं त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, जेवायला वाढलं आणि तो जेवत असताना सगळं सांगितलं. पानं, बंदरं, कावळा, अंजनी. पहिल्यांदाच सांगितलं, आणि दाराशी रखमाबाई उभी आहे हे बघून सांगितलं. हरिचंद्राचा घास थांबला. तांडेल माणूस, अठ्ठेचाळीसच्या वादळात त्याच्या डोळ्यांदेखत दोन मचवे गेले होते. असल्या गोष्टींना हसणारा तो नव्हता.

"म्हंजे त्यो तुज्या मागं हाय."

"हाय."

"आनि तू मचव्यात चढलीस तं त्योबी चढंल. माजी सात मानसं हाईत वरती, विठे."

"म्हनून तं सांगतलं. नको म्हन. मी रानात जाऊन ऱ्हाते, पन या घरात ऱ्हात नाय. अंजनीला हलवता येत नाय. मना हलता येतं."

हरिचंद्रानं पानावरच्या भातात बोट फिरवलं. बाहेर जनू कोयतीला धार लावायचा थांबला होता.

"सातवं कनच्या बंदरावं पडलं?"

"गोकर्नावं."

"तितं वाऱ्यावरच्या पितरांचंबी करतात," तो हळू म्हणाला. "ज्यांचा ठाव नाय त्यांचं. वालूत पिंड ठेवतात, लाट घेऊन जातं. तितलं पान तितं नेऊन ठेवू." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पोचलो तं."

विठानं गाठोडं बांधलं. सुकट, भाकरी, लोटा, आवळ्याची सुपारी, वीस वर्षं मनात मांडून ठेवलेलं सगळं. बांधताना तिला मनात कुठंतरी बरं वाटत होतं, आणि त्याची तिला स्वतःचीच किळस आली. सुनेसाठी जातोय की समुद्र बघायला, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाय निघाला नसता.

माजघराच्या दारापर्यंत ती गेली, आत गेली नाही. "अंजने, रुसले नाय गो मी."

"कुटं चाललाव, आत्या?"

विठा मागच्या मागं सरकली.

अंगणात सगळे उभे होते. बाळाजी रडवेला, जनू कोयती हातात तशीच धरून. रखमाबाईनं हातावर दही घातलं, ते मात्र वरून, बोट न लागू देता. विठानं ते चाटलं, उंबऱ्याकडं तोंड केलं, आणि घराला, आढ्याला, कौलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जातंव."

सगळ्यांनी रखमाबाईकडं बघितलं. रखमाबाई, जिनं तीस वर्षांत एकाही माणसाला तो शब्द बोलून घराबाहेर पडू दिलं नव्हतं, ती पदरानं दह्याचा हात पुसत राहिली.

"चल," हरिचंद्र म्हणाला.

नदीकाठच्या वळणापर्यंत विठा गेली. बंदरं मोजायला तिनं मुरूडपासून सुरुवात केली, पण दुसरं नाव आठवेना. पाठीमागं खर्र खर्र असा आवाज येत होता. नको नको म्हणत तिनं वळून बघितलं.

रखमाबाई अंगण झाडत होती. उंबऱ्यापासून सुरू करून, विठाच्या पावलांवरूनच, सरळ रस्त्याच्या दिशेनं.