ताट धरणाऱ्या मुली

आमच्या कॉलेजात येणाऱ्या पाहुण्यांना गेटापासून स्टेजापर्यंतची वाट सापडत नसावी, असं कॉलेजचं ठाम मत होतं. नाहीतर दोन्ही बाजूंना रेशमी साड्या नेसवून मुली उभ्या करण्याचं दुसरं काय कारण असणार? धारवाडातलं मुलींचं कॉलेज, गेटापासून स्टेज दिसतं, आंधळाही चाचपडत पोचेल. तरी प्रत्येक कार्यक्रमाला आठ मुली रांगेत. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात हळदकुंकू, फुलं, अक्षता आणि पेटलेलं निरांजन.

या रांगेत निवड झाली की आम्हाला आनंद व्हायचा, हे आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो. कार्यक्रम बघणाऱ्या मॅडम वर्गात येऊन उंचीनं सारख्या मुली निवडायच्या. निवडलेल्या गालात हसायच्या, राहिलेल्या तोंड पाडून बसायच्या. मी बुटकी, त्यामुळे माझा कधी नंबर लागला नाही. पण कन्नड बरं बोलते आणि माईक बघून घाबरत नाही, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. कोण आलं, कोण बोलणार, कोण कुणाला हार घालणार, हे सांगायचं काम.

माझ्या मैत्रिणीची उंची मात्र नेमकी मॅडमना हवी तेवढी होती. ती कलघटगीच्या पुढच्या एका खेड्यातली. वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून पहिल्या दिवशी एका बाकावर बसलो आणि शेवटपर्यंत तिथंच बसलो. रोज दोन बस बदलून ती यायची आणि त्या बसमधूनच तिनं तिचा एकपात्री प्रयोग गोळा केला होता. बायकांना बस फुकट झाल्यापासूनची कलघटगीची बस. ‘आधार कार्ड तोरसरी’ म्हणत सगळ्यांकडे कार्ड मागून घसा बसलेला कंडक्टर, पदराच्या गाठीतून ते कार्ड सोडवेपर्यंत दोन स्टॉप मागं टाकणारी म्हातारी, फोनवर भांडणारी कॉलेजची मुलगी, खिडकीची जागा गेली म्हणून अख्ख्या बायकांच्या जातीला शिव्या घालणारा एक अण्णा. सगळे आवाज तिचेच. लेडीज रूममध्ये तिनं तो पहिल्यांदा करून दाखवला तेव्हा झाडणारी अक्का खराटा टाकून भिंतीला टेकून हसली होती. मी अजून तसं काही पाहिलेलं नाही.

त्या वर्षी विद्यापीठाचा युवक महोत्सव परगावी होता, चार दिवस मुक्कामाला. एकपात्रीसाठी तिचं नाव जाणार हे नक्की होतं. फक्त संमतिपत्रावर सही हवी होती, आणि ती वडिलांचीच. तिची आई सातवी शिकलेली, झोकदार सही करायची. पण ऑफिसात विचारलं तर म्हणाले, आईची चालत नाही. नऊ महिने चालते, सांभाळायला चालते, सहीला चालत नाही. मी हे ऑफिसच्या खिडकीत मोठ्यानं म्हटलं होतं, आणि खिडकी बंद झाली होती.

तिचे वडील वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. ते तिला एवढंच म्हणाले, “आधी बघतो तू काय करतीस ते, मग करतो सही.” मुलीला चार दिवस परगावी पाठवायची तर बापानं एवढं म्हणावं, यात चूक काय? कॉलेज डेला तिचा प्रयोग होता, त्या दिवशी ते यायचं ठरलं. तिनं त्यांना प्रयोगाबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. “समोरच बघू देत,” म्हणाली. “कंडक्टर आमच्याच बसचा आहे. अप्पा ओळखतील बघ.”

आणि आदल्या आठवड्यात मॅडमनी तिला रांगेसाठी निवडलं. ती मला विचारायला आली. मी काय सांगितलं? मी म्हटलं, हो म्हण. मॅडम खूश राहिल्या तर कार्यक्रमात तुझा नंबर वर घेतील. हे शहाणपण माझं.

निमंत्रणाच्या कार्डावर वेळ दुपारी दोनची होती. सुभाष रोडवरून शाली, हार आणि फळांच्या टोपल्या सकाळीच आल्या होत्या. पावणेदोनला पाहुणे निघाले असा फोन आला, मॅडमनी आठही निरांजनं पेटवायला लावली. पाहुणे निघाले होते खरे, पण वाटेत त्यांना आणखी एक उद्‌घाटन होतं. ते आले सव्वातीनला.

तोवर रांग तशीच. पेटलेलं निरांजन जमिनीवर ठेवायचं नसतं. हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कुणी कुणाला तसं सांगावंही लागलं नाही. कडेला लग्नाच्या कार्यालयातल्यासारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून पालकांना बसवलं होतं आणि तिचे वडील अगदी गेटाजवळच्या खुर्चीत होते. पांढरा शर्ट, धुतलेली टोपी. दीड तास ते आपल्या मुलीला ताट धरून उन्हात उभं असलेलं बघत होते. मी स्टेजवरून त्या दोघांना बघत होते. एकदा ते उठले, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “दे की इकडं. मी धरतो घटकाभर.” एवढ्या मोठ्या कॉलेजात हे सुचलेला तो एकटा माणूस होता.

“ब्याडरी, नीव कूडरी,” मॅडम धावत आल्या. नको, तुम्ही बसा. पुरुषांनी ताट धरायचं नसतं म्हणे. ते ओशाळून परत जाऊन बसले.

पाहुणे आले. कुंकू लावून घेताना ते फोनवर बोलत होते. मग दीपप्रज्वलन, प्रार्थना, स्वागतगीत, स्वागताचं भाषण, आणि सत्कार. सत्कार पाच ठरले होते. पण एकाला शाल घातली की मॅडम विंगेतून माझ्या कानाशी येत, “इन्नोब्रु अदार.” अजून एक जण आहेत. कोण तर पाहुण्यांबरोबर आलेले. मग त्यांच्याबरोबर आलेले. मग पहिल्या रांगेत बसलेले, कारण ते दिसले आणि आता राहिले तर वाईट दिसेल. अकरा झाले. प्रत्येक सत्काराला ताटातून शाल नेऊन द्यायला एक उंच मुलगी लागते, आणि मॅडमना सगळ्यात नीट चालणारी ती वाटली. अकराही वेळा तीच.

म्हणजे तिचे अप्पा तिला स्टेजवर बघायला आले होते, आणि तिला त्यांनी स्टेजवर पाहिलं. डावीकडून ताट घेऊन यायचं, वाकायचं, उजवीकडून जायचं. आणि प्रत्येक वेळी माईकवर माझा गोड आवाज. मी थांबू शकले असते. माईक माझ्या हातात होता. ‘आता एक छोटासा कार्यक्रम बघू या’ एवढं वाक्य पुरलं असतं, आणि ते मला कन्नडातही येत होतं. पण मॅडमचं बोट वर होतं आणि मी त्या बोटाकडे बघत होते.

मग पाहुण्यांचं भाषण. विषय, स्त्रीशक्ती. त्यांच्या भाषणात मुली आकाशात उडत होत्या, विमानं चालवत होत्या, सैन्यात होत्या. त्यांच्या मागे विंगेत एक मुलगी भरून आलेले हात झटकत घड्याळाकडे बघत होती. कलघटगीहून त्यांच्या गावाची शेवटची बस साडेसहाला सुटते, म्हणजे धारवाडातून पावणेपाचला तरी निघायलाच हवं.

पावणेपाचला तिचे वडील उठले. भाषण चालूच होतं. ती विंगेतून उतरून त्यांच्याकडे गेली. मी माईक तसाच ठेवला, कोऱ्या संमतिपत्राचा कागद घेतला आणि स्टेजच्या मागून गेटाकडे धावले.

“चांगला झाला की कार्यक्रम,” मला बघून ते मनापासून म्हणाले. “पोरीनं ताट नीट धरलं. एकदा पण हात हलू दिला नाही.”

“अप्पा, माझं अजून व्हायचंय,” ती म्हणाली.

“अजून किती जणांना शाली घालणार?”

मी कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला, वाचला, घडी घालून मला परत दिला. चिडले नव्हते. समजावत होते. “चार दिवस परगावाला राहून हेच करायचं, नव्हं? मग ते इथंच कर की, बाळ. ताट धरायला एवढं लांब कशाला?”

मी तिचा दंड धरला. म्हटलं, इथंच करून दाखव. आत्ता. दोन मिनिटं. तो कंडक्टर तरी दाखव. गेटावरचा शिपाई बघत होता, खुर्च्यांतले पालक बघत होते. तिनं माझा हात बाजूला केला.

“गेटावर उभं राहून?” ती म्हणाली. “भीक मागितल्यासारखं?”

मागे लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं जात होतं, भाषण संपलं होतं. मी त्यांना निदान बसस्टँडपर्यंत सोडायला जायला हवं होतं. वाटेत सगळं नीट सांगता आलं असतं. मी स्टेजकडे वळले.

मॅडम घामाघूम झाल्या होत्या. “कुठं होतीस? आता मुलींचे कार्यक्रम घे, भरभर,” म्हणाल्या. त्यांनी दिलेल्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. वर घेतला होता त्यांनी तिचा नंबर, मी म्हटलं होतं तसा.

मी माईक हातात घेतला आणि तिचं पूर्ण नाव उच्चारलं, वर्गासकट, गावासकट. विंगेकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. मग मी म्हटलं, “ती गेली. तिची बस होती. ती दोन वाजल्यापासून तुमच्यासाठी ताट धरून उभी होती.” हे मी कन्नडात म्हटलं, स्वच्छ, सगळ्यांना कळेल असं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पहिल्या रांगेनं वाजवल्या, मग सगळ्यांनी. नाव पुकारलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना दुपारभर करायचं होतं, आणि ते त्यांनी मन लावून केलं. टाळ्या थांबेपर्यंत मी तशीच उभी राहिले. तो घडी घातलेला कागद माझ्या मुठीत होता आणि त्यावर सहीची जागा कोरी होती.