जाऊबाईंची शंका

ड्यूटी संपल्यावर लेक्चर! कुणाच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे. सकाळी सहापासून हॉस्पिटलातली ऑपरेशनची हत्यारं धुवून, पुसून, कापडात बांधून आमचा पार भुगा व्हायचा, आणि तीन वाजता तळघरातल्या खोलीत बसून सरांचं ऐकायचं. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारं नवं मशीन आलं होतं. सहा दिवस लेक्चर, सातव्या दिवशी परीक्षा, आणि जी पास होईल तिला मशीनसमोरची खुर्ची. जागा एकच.

ती खुर्ची माझ्या थोरल्या जाऊबाईंना हवी होती. मला नको होती असं नाही, पण त्यांची गोष्ट वेगळी. वय चोपन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि दिवसभर भरलेली ट्रॉली चढावरून ढकलत तीन मजले फिरायचं. "अजून चार वर्षं ढकलली, तर मलाच ट्रॉलीत घालून घरी न्यावं लागेल," असं हसत म्हणायच्या.

लेक्चरला आम्ही सगळ्या वह्या उघडून खरडत बसायचो. समजलं की नाही ते घरी गेल्यावर बघू. घरी कोण बघतंय, डोंबल! जाऊबाई वही उघडायच्याच नाहीत. हात मांडीवर, नजर सरांच्या तोंडावर. ऐकलेलं ओठातल्या ओठात घोळवायच्या. शेवटी सरांनी "काही शंका?" म्हटलं, की आम्ही पिशव्या खांद्याला लावून उठायच्या बेतात, तेवढ्यात यांचा हात वर.

"सर, म्हणजे गाठोडी दाटून भरली तर वाफ मधल्यापर्यंत पोचत नाही, असंच ना? मग जागा किती सोडायची?"

सरांना कोण आनंद! खडू घेऊन परत फळ्याकडे. आणखी वीस मिनिटं गेली. मागून बाया माझ्या कानाशी लागायच्या, "तुझ्या जावेला आवर गं बाई!"

पाच दिवस सोसलं. सहाव्या दिवशी डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते, आणि साडेचारची बस चुकली तर पुढची तासाने. सर वीज जाण्याबद्दल काहीतरी भराभर बोलले आणि शंका विचारा म्हणाले. शेजारी जाऊबाईंचा हात उचलला गेला. मी तो मनगटाला धरून खाली दाबला.

"ताई, बास झालं हो. सगळ्या वैतागल्यात तुमच्यावर. मला मेलीला घरी जाऊन पडू द्या जरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं बाई, चल," म्हणाल्या. बस मिळाली. बसायला जागासुद्धा मिळाली.

परीक्षेत एकेकीने मशीनसमोर उभं राहायचं होतं. जाऊबाई माझ्या पुढे. मशीन भरलं, दार लावलं, दाब वाचला, सगळं बिनचूक. सर खुशीत मान डोलवत होते. मग त्यांनी मध्येच मशीन बंद केलं.

"वीज गेली समजा. वीस मिनिटांपैकी बारा झाली होती. आता वीज आली. किती वेळ द्याल?"

जाऊबाई थबकल्या. कालची त्यांची शंका हीच होती, हे मला तिथे उमगलं.

"उरलेली आठ मिनिटं, सर."

"चुकलं. पुढच्या बाई?"

आठ नाही, म्हणजे पहिल्यापासून वीस. एवढं कुणालाही सुचलं असतं. मी तेच म्हटलं. बाकीचं जाऊबाईंना करताना पाहिलं होतं, तसंच केलं. मागच्यांना सरांनी वेगळंच काही विचारलं, त्यांचे बारा वाजले. मी एकटी पास झाले.

घरी दीरांनी विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "माझंच डोकं चाललं नाही. पण खुर्ची घरातच आली की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताटं मांडायला उठले.

आता मी खुर्चीवर बसते. परवा त्या भरलेली ट्रॉली घेऊन आल्या, गुडघा दाबत जरा टेकल्या.

"अगं, एक सांग. पहिल्यापासून का गं? आधीची बारा मिनिटं वाया का जातात?"

मला उत्तर पाठ होतं, कारण माहीत नव्हतं.

"नियमच आहे तसा, ताई," मी म्हटलं.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मग ट्रॉली रिकामी करायला लागल्या.