भंतेजींसाठी दुधाविना चहा

भंतेजींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. बाकीच्या भिक्खूंनीही ठेवला.

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर मी उभा जन्म चहा विकला. माझा भरला कप कोणी परत केला नव्हता. त्या दिवशी आमच्या विहारात बाहेरगावचे भिक्खू आले होते. कमिटीचा सेक्रेटरी नरेश सकाळीच म्हणाला होता, "भाऊ, संध्याकाळच्या चहाची ड्युटी तुमची. पण दूध नोका टाकू. भंतेजी बारानंतर जेवत नाईत, अन् दूध जेवणातच धरतेत."

मी दूध तेवढं सोडलं. बाकी चहा नेहमीसारखा दणकून उकळला. आता चाखून पाहिला. कडू जहर.

नरेशनं गाडीची चाबी काढली. "राहू द्या भाऊ. हॉटेलातून टी-बॅग आणतो."

"माही शेगडी पेटून राह्यली अन् तू पुडीतला चहा आणतं?"

"मंग हा काढा पाजता का त्याईले?"

"प्रवचन होऊ दे, मंग दुसरा करून देतो. तेव्हाई कप परत आले त मीच जातो टी-बॅग आणाले."

बोलून बसलो. आता इज्जत पातेल्यात.

बाजूला माझी बायको शांता मंडळींचा भात करत होती. तिनं पातेलं उतरवलं, झाकण घातलं. म्हणाली, "आता जाळ कायले? वाफेवर होते."

तिथं मला सुचलं. आमची पत्ती म्हणजे बारीक दाणा. उकळली की सगळा कडूपणा सोडते. रोज तो दुधात झाकला जातो. दूधच नसेल तर झाकणार कोण?

पाण्याला खळखळून उकळी आणली. पातेलं खाली घेतलं. मग पत्ती टाकली, वर झाकण. माझे हात शिवशिवायला लागले.

"उघडू नोका," शांता म्हणाली. "भातातई असेच बोटं घालता."

रंग उतरला तसा लगेच फडक्यातून गाळला. लालभडक, पण कपाचा तळ दिसत होता. थोडी साखर टाकली.

प्रवचन संपलं. नरेश ट्रे घेऊन गेला आणि रिकामे कप घेऊन आला. मागून मोठे भंतेजी स्वतः कप घेऊन दारात. "और मिलेगी?"

मी पातेलंच पुढं केलं. नरेश म्हणाला, "भाऊ, मलेई अर्धा द्या."

"लाईनीत ये," म्हटलं.

दूध असेल तर चहा उकळा. नसेल तर उतरवून झाका आणि गप बसा. दोन्ही चहाच आहेत. गप बसायचा जास्त अवघड.