आभाळ कुणाच्या कार्यक्षेत्रात येतं

माझी थोरली बहीण राधानगरीच्या अलीकडं एका खेड्यात राहते. दोन म्हशी, भाताचा तुकडा आणि तोंडावर बोलायची सवय, एवढी तिची इस्टेट. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी डेअरीत दूध घालायला जाताना तिला डोंगरावर एक उजेड दिसला. विमानासारखा तो पुढं गेला नाही, ताऱ्यासारखा जागेवरही राहिला नाही. जरा थांबला, आडवा सरकला आणि ढगात शिरला. डेअरीपुढं उभ्या असलेल्या आणखी पाचसहा जणांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्यांनी तो पाहिलाच नव्हता. लोक हसतील म्हणून.

आक्कानं मला फोन केला. "तू कोल्हापुरात हायस. कचेरीत इचार की, काय हुतं ते."

"ड्रोन असेल, आक्का."

"असंल. मग कुणाचा, ते सांगू देत. आमच्या डोक्यावरनं गेलंय, आमाला कळाय नको?"

मी निवृत्त शिक्षक, त्यामुळं घराण्यातले सगळे अर्ज माझ्याकडं. उडती तबकडी, परग्रह असले शब्द मी कटाक्षानं टाळले. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूबाबत शासनाकडं असलेली माहिती मिळावी, एवढंच लिहिलं. कचेरीतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "आभाळ आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही. पोलिसांत जा." पोलिसांनी विचारलं, काही चोरीला गेलंय का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. शेवटी तोच मजकूर मी माहितीच्या अधिकारात टाकला.

उत्तर आलं. मागितलेली माहिती देशाच्या सुरक्षेशी संबंधित असल्यानं देता येत नाही.

तोवर आक्काला हसणारे गावात पुष्कळ होते. त्या उत्तराची झेरॉक्स डेअरीच्या भिंतीवर लागली आणि हसणं थांबलं. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांनाही आता आठवायला लागलं. कुणाला घरघर ऐकू आली होती, कुणाची म्हैस त्या दिवसापासून दूध चोरत होती. शासनानं सत्य उघड करावं, असा ठराव ग्रामसभेत एकमतानं झाला. आक्का मात्र वैतागली. "माज्या म्हशी रोजच्याएवढंच दूध देत्यात," ती सगळ्यांना सांगत सुटली. कुणाला ते ऐकायचं नव्हतं.

आम्ही अपील केलं. सुनावणीला आक्का ठेवणीतलं इरकल नेसून आली. साहेब तरुण होते, आणि सज्जन. आम्हाला चहा मागवला आणि फाइल मिटून म्हणाले, "मावशी, खरं सांगू? आमच्याकडं याबद्दल कागदाचा चिटोराही नाही."

"मग देशाची सुरक्षा कुठनं आली?"

"ते कलम लावायची सवय आहे. कारकुनानं तसंच लिहिलं, खालच्या अधिकाऱ्यानं सही केली."

"मग न्हाई म्हणून लिवून द्या की."

साहेब घुटमळले. "माहिती नाही असं लिहायचं तर वर विचारावं लागेल."

"गुपित हाय म्हणून लिवताना इचारलं व्हतं?"

 पण साहेबांनी खरंच वर विचारलं, हे मान्य केलं पाहिजे. काही महिन्यांनी दुसरं उत्तर आलं: अशी कोणतीही माहिती या कार्यालयाकडं उपलब्ध नाही. मी गावी जाऊन ते आक्काला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "मलाबी ठावं न्हाई, त्यास्नीबी ठावं न्हाई. आता सारखं झालं."

गावाला मात्र ते आवडलं नाही. भिंतीवरचं पहिलं उत्तर कुणी काढू दिलं नाही आणि दुसरं लावू दिलं नाही. आक्का मॅनेज झाली, अशी कुजबुज सुरू झाली. ती दूध घालायला जात राहिली, पण रांगेत कुणाशी बोलेना. आक्का गप्प राहते म्हणजे तिला किती लागलं असेल, ते मला कळत होतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावची चार माणसं माझ्या घरी आली. त्यांनाही काहीतरी दिसलं होतं.

"सर, अर्ज लिवून पायजे."

"देतो की."

"पर उत्तर तुमास्नी पैलं आलतं तसलं पायजे. दुसरं नगं."

उत्तर लिहिणं माझ्या हातात नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. चहा घेतला, अर्ज घेतला आणि दुसरं उत्तर आलं तर जाब विचारायला म्हणून जाताना माझा फोन नंबर मात्र लिहून नेला.