चुलीमागची वीट

आमच्या गावच्या वीटभट्टीवर परवा फलक लागला. मालकांच्या तीन पिढ्यांचे फोटो आणि खाली 'आम्ही गाव उभं केलं.' विटा थापणारी सखूबाई फलकामागे आपलं घर उतरवत होती. भट्टीवरचे मजूर इथल्याच विटा नुसत्या रचून झोपडी करतात. मातीने लिंपायचं नाही, कारण हंगाम संपला की त्याही विकायच्या असतात. म्हणजे इथल्याच विटांच्या माझ्या घराच्या भिंतींत कुणाकुणाची घरं आहेत, कोण जाणे. तो फलक उपटून भट्टीत घालावासा वाटला.

सखूबाईने चुलीमागची काळी पडलेली वीट उचलली. मुकादम म्हणाला, “ती घासून दे. काळी कोणी घेत नाही.”

सखूबाई खाली बसली आणि त्याच चुलीतल्या राखेने हंगामभराच्या भाकऱ्यांची काजळी घासू लागली.