सुनेच्या संगणकातली गुडगुड

वाचकांनी मला आधीच माफ करावे. माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना मी इतरांच्या निबंधांवर 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा सढळ हाताने मारला. स्वतः मात्र निवृत्त होईपर्यंत घरच्या पत्रांपलीकडे एक ओळ लिहिली नाही. आता साठी उलटल्यावर लिहायला बसले, तर विषय सुचला तोही एका यंत्राचा, ज्यातले मला काही कळत नाही. हा आगाऊपणाच आहे. पण मला जे वाटले ते घरात कुणाजवळ बोलण्यासारखे नव्हते, म्हणून कागदाकडे आले.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा इथे आलो आणि इथलेच झालो. पंपांची देखभाल हे त्यांचे काम. पंपाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवायचे, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत काय बिघडते आहे ते ऐकायचे, अशी त्यांची पद्धत असल्याचे मी त्यांच्या सहकाऱ्यांकडून ऐकले होते. पाहिली कधी नव्हती. मी कामाविषयी विचारले, तर "तुला काय सांगायचं त्यातलं" एवढे म्हणून ते पान वाढण्याची वाट पाहत. त्यात तुच्छता नसे, थकवा असे. निवृत्तीनंतर तर बोलणेच आटले. गॅलरीतली खुर्ची, वर्तमानपत्र आणि दोन वेळचा चहा. संसार मुरला की असाच शांत होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग मुलाचे लग्न झाले. सून इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची. तिच्या वडिलांची बोट आहे, आई मासळी सुकवून विकते. मुलगी शिकली आणि अजून न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणारी चित्रे संगणकावर करू लागली. पालघरच्या रस्त्याला मोठमोठ्या फलकांवर निळ्या आभाळाखाली जी हिरवळ आणि पोहण्याचा तलाव दिसतो, त्यातले काही तिच्या हातचे. त्या कामाने संगणक इतका तापतो, की त्याच्या पोटात सतत पाणी खेळवावे लागते. छोटा पंप ते पाणी नळ्यांतून पुढच्या जाळीपर्यंत नेतो, पंखे ते निववतात आणि ते परत येते. मुलगा मनोरच्या पुढे हायवेवरच्या कंपनीत जातो, तो दिवेलागणीनंतरच दिसतो. सून दिवसभर मागच्या खोलीत दार लावून काम करी. माझ्याशी ती नीट वागे. पण आम्हा दोघींना बोलायला विषय नसे.

तो संगणक घरात आला, तेव्हा ह्यांनी त्याला पाया करून दिला होता. कुठलेही यंत्र सपाटीत बसले पाहिजे, हा त्यांच्या कारखान्यातला पहिला धडा. त्यांनी भंगारवाल्याकडून जाड रबराचा तुकडा आणला, त्यावर संगणकाचा तो उभा डबा ठेवला आणि वर लेव्हल ठेवली. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असलेली पट्टी. तो बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत त्यांनी खालून कागदाच्या घड्या सरकवल्या. नंतर हे पुन्हा गॅलरीत गेले.

गेल्या हिवाळ्यात त्या डब्यातून आवाज येऊ लागला. सुरुवातीला सकाळी चालू करताना क्षणभर, मग दिवसभर. पातेल्याच्या तळाशी थोडेच पाणी उरावे, ते गुडगुडावे आणि मधूनच त्यात एखादा खडा फिरावा, तसा. मुलगा म्हणाला, नवीन घे. सुनेने मात्र गॅलरीच्या दारात जाऊन म्हटले, "बाबा, जरा ऐकता का?"

वर्तमानपत्राची घडी इतक्या चटकन घातलेली मी कधी पाहिली नव्हती. ह्यांनी कपाटाच्या खणातून तो मुठीला झिजलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिच्यामागून आत गेले. थोड्या वेळाने मी चहाचा ट्रे घेऊन गेले, तेव्हा हे फरशीवर मांडी घालून बसले होते, डोळे मिटून, मूठ कानामागे लावून. ज्या माणसाबरोबर मी उभे आयुष्य काढले, त्याचा तो चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि तोही दुसऱ्या कुणासाठी.

सून एकेक पंखा थांबवत होती. "पंका नाय हाय, बाबा. पंके बंद केले तरी वाजतं." कामात गढली की ती माहेरचे बोलते. पंपाचा वेग तिने कमी केला, तेव्हा आवाजही मंदावला. म्हणजे दोष पंपाकडे, असे दोघांचे एकमत झाले. मग ती सांगू लागली, की लहानपणी किनाऱ्यावरून नुसत्या आवाजाने तिला वडिलांची बोट ओळखता यायची. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार अडखळली, की वडील तिथूनच परत फिरत. हे ऐकत होते. धार किती जाड, नळी कुठून येते, असे प्रश्नावर प्रश्न विचारत होते. मी शाळेतून घरी येत असे तेव्हा आज वर्गात काय झाले, असे ह्यांनी मला कधी विचारल्याचे आठवत नाही. चहा निवला. मी ट्रे परत आणला.

असूया, हेवा, मत्सर हे शब्द मी वर्षानुवर्षे समानार्थी म्हणून फळ्यावर लिहिले. मला सुनेचे तारुण्य नको होते, तिचे कसबही नको होते. मला ते प्रश्न हवे होते.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले, असे मी म्हणते; पण ते फक्त माझेच. हे सकाळी लवकर दाढी करू लागले. जेवताना दोघे माझ्या डोक्यावरून तापमानाच्या गोष्टी करत. कमी झाले की समाधान, वाढले की चर्चा. ह्यांच्या तोंडात 'नाय' बसला. सांगलीचा माणूस, इतकी वर्षे इथे राहून ज्याने 'नाही'तला ह सोडला नव्हता, तो मला "भाजी नको, नाय, थोडी वाढ" म्हणाला, तेव्हा मी पळी जरा जोरात आपटली. सून म्हणाली, "आई, हात भाजला का?" आणि खरोखर काळजीने म्हणाली, हे आणखी वाईट.

शेवटी ह्यांनी निदान केले: पंपातले बेअरिंग गेले. दोघे पालघरच्या दुकानात चौकशीला निघाले. सून स्कूटर चालवणार आणि हे मागे बसणार; कुणाच्या मागे बसायला आजवर कधी राजी न झालेले. जाताना ती म्हणाली, चित्र तयार होते आहे, संगणक बंद करू नका.

मी एकटी राहिले, तो गुडगुडत राहिला. दुपारी फरशी पुसत मागच्या खोलीत गेले. डब्याखाली फडके जावे म्हणून, तेलाचा डबा संपत आला की आपण कलता करतो तसा मी तो किंचित मागे कलता केला. आवाज थांबला. संगणकच बंद पडला, या भीतीने मी पडद्याकडे पाहिले. तिथले आकडे पळत होते. डबा सरळ केला, थोड्या वेळाने गुडगुड परत. पुन्हा कलता केला, पुन्हा शांत. मी माझे जुने व्याकरणाचे पुस्तक आणून पुढच्या कडेखाली सरकवले आणि तिथेच बसून राहिले. त्या शांततेने मला अतोनात आनंद झाला. त्यांना जे सापडले नाही ते मला सापडले होते.

स्कूटरचा आवाज आला, तशी मी पुस्तक ओढून घेतले. का, ते तेव्हा नीट कळले नाही.

दोघे फार उशिरा आले होते. वाट वाकडी करून नवापूरला गेले होते. ह्यांनी व्याह्यांच्या बोटीचे इंजिन पाहिले, तिथेच जेवले. चपलांना वाळू होती. माझ्याबरोबर हे समुद्रावर आले ते केवळ पाहुण्यांना दाखवायला. दुकानदाराने सांगितले होते, की हा पंप उघडत नाही, सगळा संच बदलावा लागेल, तो मागवला आहे. "येईपर्यंत आपण वेगवेगळ्या वेगाला चालवून बघू," हे सुनेला म्हणाले, आणि दोघांच्या चेहऱ्यावर सुट्टी वाढवून मिळाल्याचा आनंद होता. तो मला सोसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला मी म्हणाले, "तो डबा थोडा मागे कलता केला की आवाज जातो."

हे हसले. "अगं, लेव्हलमध्ये बसवलाय मी तो. केसभर हलायचा नाय."

"म्हणूनच वाजतोय."

सून कप ठेवून उठली. आतून आधी गुडगुड ऐकू येत होती, मग येईना. हे गेले, लेव्हल ठेवली. बुडबुडा नळीच्या टोकाला पळाला. सुनेने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आतले पाणी काळाने थोडे घटते आणि तिथे हवा होते, तिने समजावले. जाळीच्या नळ्या वरच्या अंगाला आहेत, म्हणून ती हवा नळीच्या तोंडाशी बसते आणि पंप तीच ओढतो; डबा कलता केला की ती तोंडापासून सरकते. "बाबा, आपण एक बुडबुडा मधोमध आणून ठेवला, आणि दुसरा पंपाच्या वाटेत जाऊन बसला."

ह्यांनी लेव्हल उचलून घेतली. "तुला कुणी सांगितलं?"

"फरशीनं," मी म्हणाले.

संच रद्द झाला. रविवारी सुनेने ती जाळी डब्याच्या छताला बसवली, म्हणजे हवा वरच राहील. ह्यांनी टॉर्च धरला. दोन-चार दिवस जेवताना माझे कौतुक झाले. मग सुनेचे दार लागले, ह्यांची खुर्ची गॅलरीत गेली आणि स्क्रूड्रायव्हर खणात. तो आवाज गेला, की ते बोलणे माझ्याकडे येईल, असा माझा हिशेब होता. ते माझ्याकडचे नव्हतेच, तर येणार कुठून? एका दुपारी हे मागच्या खोलीच्या बंद दाराशी नुसते उभे दिसले. काय झाले, विचारले, तर म्हणाले, "काही नाय."

आता जे सांगायचे आहे ते सांगायला लाज वाटते. गेल्या आठवड्यात मी आमच्या फ्रिजचा पुढचा पाय थोडा फिरवून ठेवला. तो आता छान खडखडतो. गॅलरी स्वयंपाकघराला लागूनच आहे, तेव्हा ह्यांना ऐकू येत नसेल असे नाही. पण हे काही म्हणत नाहीत, आणि मीही म्हणत नाही.

परवा सून पाणी प्यायला आली आणि तिने कान दिला. "आई, फ्रिज वाजतोय. बाबांना बोलावू?"

"नको," मी म्हणाले. "मी बोलावते."

ती क्षणभर फ्रिजच्या पायाकडे पाहत राहिली. मग तिने खणातला स्क्रूड्रायव्हर आणून ओट्यावर ठेवला आणि आत गेली. तो तिथेच आहे. 'जरा ऐकता का' असे म्हणणे सर्वांत सोपे; पण ते शब्द तिचे आहेत, आणि तिचे काही मला उसने घ्यायचे नाही.

तुम्हीच सांगा, ह्यांना हाक मारताना मी काय म्हणू?