लिनार्डची दुर्बीण आणि कड्यावरचे अध्यक्ष

प्रादात्श गावात कुणाला लांबचं काही पाहायचं असलं की लिनार्डला हाक जायची. पलीकडच्या उतारावर गवत कापतंय ते कोण, दरीतून वर येतोय तो धूर की धुकं, हे सगळे निवाडे लिनार्डच्या उजव्या डोळ्याकडे होते. तीस वर्षं त्याने घाटरस्त्यावरचं बर्फ आणि कोसळलेले दगड हटवले होते. आता तो निवृत्त होता, आणि निवृत्तीनंतर माणसाचं जे उरतं ते त्याच्या बाबतीत डोळा होतं.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर तो नेमबाजांच्या मागे स्टुलावर बसायचा. आजोबांची पितळी एकनळी दुर्बीण डोळ्याला लावायची, तीनशे मीटरवरच्या कागदात गोळीचं भोक शोधायचं आणि लक्ष्याखालच्या खड्ड्यात बसून भोकाची जागा दाखवणाऱ्या माणसाने निशाणीची काठी वर करायच्या आत ओरडायचं, हा त्याचा मान. "नऊ! खाली डावीकडे! गोळी सुटताना श्वास कशाला घेतोस, गाढवा?" काठी वर यायची ती खाली डावीकडेच.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. त्या दुर्बिणीच्या आत दोन वर्षांपूर्वी बुरशी धरली होती. भिंगामागे पांढरी जाळी पसरली होती आणि लिनार्डला भोक काय, कागदही धड दिसत नव्हता. तो नेमबाजाचा खांदा बघायचा, त्याचा स्वभाव आठवायचा आणि आकडा सांगायचा. बहुतेकदा बरोबर यायचा. चुकला तर खड्ड्यातल्या माणसाला पुन्हा बघायला लावायचा, आणि तो बिचारा पुन्हा बघून लिनार्डच्या बाजूने निकाल द्यायचा.

त्या ऑगस्टमध्ये गावच्या नेमबाजी मंडळाने हात वर करून ठराव केला: मैदानावर आणि शिकारीला दोन्हीकडे चालेल अशी नवी दुर्बीण घ्यायची, आणि ती लिनार्डने निवडायची.

"साठपट!" त्याचा मेव्हणा बाल्झर बाकावर मूठ आपटत म्हणाला. "साठपटीच्या खालचं काही आणलंस तर घरात घेणार नाही."

"घर माझं आहे," लिनार्ड म्हणाला.

"बहीण माझी आहे."

बाल्झरच्या हट्टाला कारण होतं. गावासमोरच्या कड्यावर, एका अरुंद कातळपट्टीवर, गेली पाच वर्षं एक रानबोकड एकटाच बसलेला असायचा. असा ऐटीत बसायचा की गावाने त्याचं नाव अध्यक्ष ठेवलं होतं. रानबकऱ्यांत नर-मादी दोघांनाही आकड्यासारखी शिंगं असतात. बोकडाची जरा जाड, जरा जास्त वळलेली, इतकाच फरक. पाच वर्षांपूर्वी लिनार्डने पितळी दुर्बिणीतून अर्धा तास पाहून जाहीर केलं होतं, "बोकड. आठ वर्षांचा." त्यानंतर कुणी शंका काढली नाही. दर वर्षी गाव त्यात एक मिळवत गेलं.

गावाची रीत अशी की ज्याला साठावं लागेल त्याला सप्टेंबरच्या शिकारीत पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठ्या बोकडावर, म्हणजे आता अध्यक्षांवर, पहिला हक्क. मधल्या पाच वर्षांत कुणाला साठावं लागलं नव्हतं; यंदा ते बाल्झरला लागत होतं. शिंगं टांगायला त्याने बैठकीच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. त्यासाठी सासूबाईंची तसबीर काढून जिन्याखाली ठेवावी लागली, आणि ते काम त्याने फार हौसेने केलं होतं.

लिनार्ड खालच्या मोठ्या गावातल्या ब्राइडाच्या बंदुका-दुर्बिणींच्या दुकानात गेला. ब्राइडा शिकाऱ्याची मुलगी, तिशीतली, बोलायला तिखट. तिने दोन दुर्बिणी काढल्या. एक लांबलचक, तोफेसारखी, साठपटीची. दुसरी आखूड, तीस-चाळीसपटीपुढे न जाणारी.

"बघा की. समोर चर्चचं घड्याळ आहे. सगळे त्यावरच बघतात."

"भर दुपारी घड्याळ मला तुझ्या चहाच्या गाळण्यातूनही दिसेल," लिनार्ड म्हणाला. "दुर्बिणीची परीक्षा सूर्य कड्यामागे गेल्यावर. दोन्ही दे, उद्या आणतो."

"आणि नाही आणल्यात तर?"

लिनार्डने डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली. मागच्या बाजूला रानबोकडाच्या केसांचा तुरा असलेली ती टोपी त्याने लग्नातही उतरवली नव्हती. ब्राइडाने ती दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवली आणि दोन्ही दुर्बिणी बांधून दिल्या.

संध्याकाळी तो पाण्याच्या डोणीशेजारच्या बाकावर बसला. बायको नाइझा बार्लीच्या सुपाला बोलवायला आली आणि त्याचं उघडं डोकं बघून तिथेच थांबली.

"कोण मेलं?"

"कुणी नाही. गप्प बस आणि बघ."

आधी तोफ. साठपटीवर अख्खा डोंगर थरथरत होता. दिवसभर तापलेल्या दगडांतून हवा वर चढत होती आणि कडा तव्यावरच्या लोण्यासारखा हलत होता. पट कमी केली तर हलणं थांबलं, पण प्रकाश जाऊ लागल्यावर तिच्यात सगळं राखाडी झालं. दगड, झुडूप, बोकड, सगळ्यांना एकच रंग. चष्मा घालून पाहिलं तर चित्राच्या कडा गायब. आणि हे धूड पाठीवर घेऊन चार तास चढायचं कुणी?

मग आखूड. लिनार्डने तिच्यात डोळा लावला आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. अर्धा उजेड गेला होता, तरी कड्यावरच्या शेवाळाचा पिवळा वेगळा आणि करडा वेगळा दिसत होता. त्याला अध्यक्षांच्या पापण्या दिसल्या. पापण्या! पाच वर्षं ज्याला तो ओळखत होता त्याला पापण्या होत्या. तो हसत सुटला.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. अंग ताणलं. आणि मागचे पाय फाकवून खाली बसून मुतले.

लिनार्डचं हसणं थांबलं. बोकड उभ्याने करतो. हे इथल्या पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं.

"काय झालं?" नाइझाने त्याला ढकलून डोळा लावला. "अगंबाई. ही तर बाई आहे!"

"हळू बोल!"

"तिला ऐकू जातंय का? आणि ते बघ, दगडामागून काय आलं!"

कातळपट्टीच्या टोकाचा एक दगड हलला. तो दगड नव्हता, करडू होतं. ते धावत आलं आणि आईच्या पोटाखाली ढुशा देऊन पिऊ लागलं. नाइझा बाकावर कोसळली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "पाच वर्षं! अध्यक्ष! तुझ्या अध्यक्षांना दूध येतंय रे!"

लिनार्डने तोफेतून पुन्हा पाहिलं. त्या राखाडीत एक डाग होता, ऐटबाज, एकटा. बोकड म्हणावा तर बोकड. तो डाग त्याने बराच वेळ पाहिला. ही घेतली तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाल्झर खूश, मंडळ खूश, आणि लिनार्ड मरेपर्यंत गावाचा डोळा.

पण मग सप्टेंबरच्या पहिल्या पहाटे बाल्झर तिला गोळी घालेल. दूध पाजणारी बकरी मारायला बंदी; मारणाऱ्याला स्वतःच वनरक्षकाकडे चालत जाऊन सांगावं लागतं, आणि मग ते गाव विसरत नाही. बाल्झरच्या आजोबांनी अशी एक मारली होती. त्यांच्या घराला अजून गवळीवाडा म्हणतात.

"सूप निवतंय," नाइझा डोळे पुसत म्हणाली. मग त्याच्याकडे बघून हळू आवाजात, "त्याला सांगशील ना?"

"सांगून पटेल का त्याला? दाखवावं लागेल."

शनिवारी लिनार्ड उघड्या डोक्यानेच मैदानावर आला. तोफ त्याने परत केली होती. आखूड घ्यायची की नाही हे मंडळाचं ठरेपर्यंत टोपी ब्राइडाकडेच राहणार होती. त्याने दुर्बीण तिकाटण्यावर बसवली, पण लक्ष्याकडे नाही. कड्याकडे.

"एवढीशी?" बाल्झर म्हणाला. "साठपट कुठाय?"

"आधी बघ. मग शिव्या दे."

बाल्झर वाकला. मागे सगळं मंडळ उभं. बाल्झर बघतच राहिला. त्याची मान लाल झाली, मग कान लाल झाले.

"लिनार्ड."

"हं."

"अध्यक्ष कुणाला तरी पाजतायत."

मग लिनार्डने पितळी दुर्बीण पिशवीतून काढून बाल्झरच्या हातात दिली. "आत बघ. दोन वर्षं बुरशी आहे. त्याआधीही काही फार दिसत नव्हतं. मी अंदाजाने सांगायचो. तिचंही, तुमच्या गोळ्यांचंही."

"माझा मागच्या वर्षीचा चषक?" मागून कुणीतरी विचारलं.

"तोही."

पहिला हसला तो बाल्झर. तो असा हसला की त्याला बंदुकांच्या फळीचा आधार घ्यावा लागला. मग सगळेच. खड्ड्यातल्या माणसाने तिकडून काय झालं म्हणून विचारायला निशाणीची काठी वर केली आणि जोरजोरात हलवली, आणि ते बघून लोक जमिनीवर बसले. दुर्बिणीपुढे रांग लागली. ज्याचं बघून होई तो परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. अध्यक्षीणबाईंना गावाने एकमताने निवडून दिलं. दुर्बीण पास झाली ती हात वर करायच्याही आधी.

"गवळीवाड्याला दुसरा मजला चढणार होता," बाल्झर लिनार्डचा खांदा दाबत म्हणाला. "आणि आता त्या खिळ्याचं काय करू? सासूबाईंना परत वर घेऊ?" त्याने हातातल्या पितळी दुर्बिणीकडे पाहिलं. "नको. हीच टांगतो."

मग दुर्बीण लक्ष्याकडे वळवली. पहिली गोळी बाल्झरची. लिनार्ड स्टुलावर बसला, डोळा लावला. गोळी सुटली. सवयीने त्याच्या जिभेवर आठ आलं, कारण घाईत बाल्झरचा खांदा नेहमी उजवीकडे ओढला जातो.

त्याने तोंड मिटलं.

"काय रे?" बाल्झर ओरडला. "मुका झालास का? किती?"

कागदावर, मधल्या काळ्या वर्तुळाच्या अगदी काठाला, एक बारीक गोल भोक होतं. त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"थांब जरा," लिनार्ड म्हणाला. "मला दिसतंय."